मी आलो, मी आले

परवा भाचा म्हणाला, "मामू, कंपनीने सांगितलंय, ईमेलच्या सहीत नावापुढे आपलं सर्वनाम लिहा. 'ही' की 'शी'? आता मी पुरुष आहे हे काय लिहायचं?" मी हसलो. इंग्रजीतला 'ही' पुरुष. मराठीतली 'ही' मात्र बाई!

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शमीम, नसीम ही नावे आमच्याकडे मुलांचीही असतात, मुलींचीही. किरणचेही तसेच. परदेशातल्या माणसाला नुसत्या नावावरून काय कळणार? मराठीत 'मी आलो', 'मी आले' म्हणताच क्रियापद सारे सांगून टाकते. इंग्रजीत तसे होत नाही.

मग खरी अडचण कुणाची? ज्या माणसाला 'आलो' म्हणताना आपण खोटे बोलतो असे वाटते, त्याची. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांचा आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१५ मध्ये स्वीडिश अकादमीने 'हेन' हे तिसरे सर्वनाम शब्दकोशात घेतले. उलट अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या अनेक खात्यांतील कर्मचाऱ्यांना सहीतली सर्वनामे काढून टाकायला सांगण्यात आले.

'लिहाच' आणि 'पुसाच', दोन्ही हुकूमच. पहिला, मनाची तयारी नसलेल्याला खोटे लिहायला लावतो. दुसरा, खरे सांगू पाहणाऱ्याला गप्प बसवतो.

भाच्याला म्हटले, "तू लिही, तुझं काही जात नाही. पण शेजारच्याने जागा रिकामी ठेवली, तर कारण विचारू नकोस."