बेटांचे कल्याण आणि सरकारांची सहकारिता

शेजाऱ्याच्या बांधावरील तण आपल्या शेतात उतरल्यावाचून राहत नाही, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु शेजार समुद्रापलीकडचा असेल आणि प्रत्येक बेटावर निराळा अंमल असेल, तर बंदोबस्त कोणी करावयाचा? दक्षिण पॅसिफिक महासागरात या प्रश्नाची जी सोडवणूक झाली, ती आमच्या बागायतदार वाचकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ही बहुतेक बेटे परक्या सत्तांच्या ताब्यात होती. ६ फेब्रुवारी १९४७ रोजी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स व अमेरिका या सहा सरकारांनी कॅनबेरा येथे करार करून दक्षिण पॅसिफिक आयोग स्थापिला. पुढे न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे त्याची कचेरी थाटण्यात आली. बेटांतील आरोग्य, शेती व समाजस्थिती सुधारण्याकामी सल्ला देणे हे त्याचे काम. राजकारण व संरक्षण हे विषय मुद्दाम वगळले होते.

अशा सहकारितेची खरी कसोटी माडाच्या बागेत लागली. आपल्या कोकणातील बागायतदारांचा जुना वैरी जो गेंड्या भुंगा, तो १९०९ च्या सुमारास सिलोनहून सामोआत शिरला आणि १९५३ मध्ये फिजीत आढळला. खोबऱ्यावर पोट असलेल्या बेटांस ही मोठीच आपत्ती होती. भुंगा माडाचा कोवळा सुयरा पोखरतो. त्याच्या अळ्या मात्र कुजक्या सोटांत व शेणखतात वाढतात. एका बेटाने कितीही स्वच्छता राखली, तरी जहाजांतून नवा भुंगा यावयाचाच. म्हणून १९६४ पासून आयोगाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या साह्याने सर्वांचे मिळून संशोधन हाती घेतले. १९६३ मध्ये मलायात या किड्यास मारणारा एक विषाणू सापडला होता. तो १९६७ मध्ये सामोआत सोडण्यात आला. रोगी भुंगे स्वतःच तो रोग आपल्या जातभाईंत पसरवितात. माडांचे नुकसान पुष्कळ उतरले आणि तोच उपाय इतर बेटांसही लाभला.

दुसरे उदाहरण अळूचे. १९९३ मध्ये सामोआतील अळूवर पानकरपा पडला. आपल्याकडे सुपारीवर कोळेरोग आणणाऱ्या बुरशीच्या कुळातलीच ही बुरशी. अळकुड्यांची निर्यात हे तेथील मोठे उत्पन्न. ते जवळजवळ बुडाले. तेव्हा १९९८ मध्ये याच संस्थेने फिजीत सर्व बेटांसाठी वाणसंग्रह उभारला. तेथून काचनळीत वाढविलेली निरोगी आशियाई वाणे सामोआस मिळाली, स्थानिक वाणांशी त्यांचा संकर झाला आणि कोणती रोपे ठेवावयाची हे शेतकऱ्यांनी आपल्या शेतात लावून व चव घेऊन ठरविले. रोगास तोंड देणारे अळू पुन्हा उभे राहिले.

तथापि ज्यांचे कल्याण करावयाचे त्यांसच बैठकीत जागा नसावी, हा आरंभीचा मोठा दोष होता. १९५० मध्ये फिजीतील नसीनू येथे बेटांच्या प्रतिनिधींची पहिली परिषद भरली; पण तिचा अधिकार सल्ल्यापुरताच. १९६५ मध्ये स्वतंत्र पश्चिम सामोआ आयोगाचे पूर्ण सभासद झाले. १९६६ पासून फ्रान्सने मुरुरोआ येथे अणुस्फोट चालविले, तेव्हा राजकारण म्हणून त्याविषयी आयोगात ब्र काढण्याची सोय नव्हती. अखेर १९७१ मध्ये स्वतंत्र बेटराष्ट्रांनी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्यासह वेगळे मंडळ काढले. १९८३ मध्ये मूळ आयोगातही सर्व बेटांस समान मताधिकार मिळाला. १९९८ पासून ‘पॅसिफिक कम्युनिटी’ या नावाने चालणाऱ्या या संस्थेत आज २२ बेटमुलूख सभासद आहेत.

काम संपलेले नाही. २००७ मध्ये ग्वाम बेटावर आढलेल्या गेंड्या भुंग्याच्या नव्या प्रकारावर जुना विषाणू चालत नाही. तो भुंगा २०१५ पर्यंत सॉलोमन बेटांत पोचला होता. म्हणजे एकजूट ही एकदा करून ठेवण्याची वस्तू नव्हे, दरवर्षी बांध घालावा तशी ती राखावी लागते.

आमच्या मते यातील बोध आपल्या गावासही लागू आहे. एकाने खतखड्डा साफ ठेवला आणि शेजाऱ्याने कुजका सोट तसाच पडू दिला, तर दोघांचेही माड जातात. सहकार्य करावयाचे ते सर्वांनी. आणि ज्याचा माड जातो, त्याचा शब्द त्या कामी आधी ऐकिला पाहिजे.