सीलिॲक आजार

सीलिॲक आजार हा लहान आतड्याचा दीर्घकालीन, आयुष्यभर टिकणारा आजार आहे. गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेल्यावर या आजाराच्या व्यक्तींमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच आतड्याच्या अस्तराला इजा करते; म्हणून त्याची गणना स्वयंप्रतिरक्षी आजारांत होते. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा विकार असून दोहोंची यंत्रणा निराळी आहे. जगाच्या लोकसंख्येत सुमारे १ टक्का लोकांना सीलिॲक आजार असावा असा अंदाज आहे, परंतु त्यांतील बहुतेकांचे निदान झालेले नसते. आजार समूळ घालवणारे औषध उपलब्ध नाही. मात्र ग्लूटेन आहारातून पूर्णपणे वगळल्यास आतडे बहुतांशी भरून येते. दीर्घकालीन आजारांत असे क्वचितच आढळते.

नाव आणि इतिहास

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य कॅपाडोशियाचा अरेटियस याने न पचलेले अन्न शौचावाटे जाणाऱ्या, दिवसेंदिवस खंगत जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले आणि त्यांच्या विकाराला पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. 'सीलिॲक' हा शब्द त्याच नावापासून आला. आधुनिक वर्णन लंडनमधील डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. हा रुग्ण बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो खरा ठरला, पण कोणता आहार हे मात्र त्यांना उमगले नाही. त्यांच्या एका बालरुग्णाला शिंपल्यांतील माशांच्या आहाराने बरे वाटले. हंगाम संपताच दुखणे परतले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला आणि तो अनेक वर्षे प्रचारात राहिला. मुले त्याने सुधारत, पण श्रेय केळ्यांचे नव्हते. त्या आहारात पाव आणि बिस्किटांना मज्जाव होता.

गव्हाचा दोष ओळखला तो नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके (१९०५–१९६२) यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा झाला, तेव्हा सीलिॲक असलेली मुले सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर आजारी पडली, अशी हकिकत नेहमी सांगितली जाते. ती आकर्षक असली तरी अपुरी आहे. डिके यांचा गव्हावरचा संशय युद्धाच्या टंचाईपूर्वीचा होता आणि गहू वगळलेल्या आहाराविषयी त्यांनी १९४१ मध्येच लिहिले होते. टंचाईने त्या संशयाला बळ दिले. त्यानंतर सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांना आळीपाळीने वेगवेगळी धान्ये देऊन शौचातील चरबीचे मोजमाप केले आणि १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाला प्रबंध सादर केला. १९५०च्या दशकात तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा काढणे शक्य झाले आणि आजाराची खूण प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागली.

आतड्यात काय घडते

निरोगी लहान आतड्याच्या आतील बाजूस बोटांच्या आकाराचे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषून घेणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. ग्लूटेनमधील ग्लायडिन या घटकाचे काही तुकडे मानवी पाचक विकरांनी पूर्णपणे तुटत नाहीत. ते अस्तरात शिरतात, तेथे ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर त्यांच्या रचनेत बदल करते आणि बदललेले तुकडे पेशींवरील एचएलए-डीक्यू२ किंवा एचएलए-डीक्यू८ या रेणूंमध्ये चपखल बसतात. रोगप्रतिकारक पेशींना ते शत्रूसारखे भासतात. परिणामी दाह होतो, अंकुर झिजून सपाट होतात आणि शोषण मंदावते. हेच विकर स्वयंप्रतिपिंडांचे लक्ष्य असल्याचे १९९७ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले. आजची मुख्य रक्तचाचणी त्याच शोधावर आधारलेली आहे.

डीक्यू२ किंवा डीक्यू८ची जनुके सुमारे एक तृतीयांश लोकांत असतात, पण त्यांतील थोड्यांनाच आजार होतो. उरलेल्यांना तो का होत नाही, हे पुरते उलगडलेले नाही. रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात साधारण दहांत एकाला तो आढळतो, म्हणून लक्षणे नसली तरी त्यांची तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. पहिल्या प्रकारचा मधुमेह, थायरॉइडचे स्वयंप्रतिरक्षी विकार, डाउन संलक्षण आणि टर्नर संलक्षण असणाऱ्यांतही त्याचे प्रमाण अधिक असते.

लक्षणे

जुन्या पाठ्यपुस्तकांतील चित्र फुगलेले पोट, काटकुळे हातपाय, चिडचिडा स्वभाव आणि वारंवार जुलाब असलेल्या लहान मुलाचे असे. असे रुग्ण आजही आढळतात, पण आजार कोणत्याही वयात उघड होऊ शकतो आणि पुष्कळांना जुलाब होतच नाहीत. लोह आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते व तोच भाग सर्वाधिक बाधित होतो. त्यामुळे गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय हे कित्येकदा एकमेव लक्षण असते. उंची न वाढणे, वयात येण्यास विलंब, ठिसूळ हाडे, वारंवार होणारे तोंडातील व्रण, वंध्यत्व, सतत थकवा, कोपरांवर व गुडघ्यांवर उठणारे अतिशय खाजरे पुरळ, ही इतर रूपे होत. भारतात रक्तक्षय आणि खुंटलेली वाढ इतकी सर्वत्र आढळते की त्यांचे खापर कुपोषणावर किंवा जंतांवर फोडून विषय संपवला जातो. आतड्याचा क्षयरोग, जिआर्डियाचा संसर्ग आणि उष्ण कटिबंधीय स्प्रू यांची लक्षणेही मिळतीजुळती असल्याने निदान लांबते.

निदान

प्रथम रक्तातील ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रतिपिंडे तपासतात. काही व्यक्तींत आयजीएची मुळातच कमतरता असते व चाचणी खोटी नकारात्मक येते, म्हणून एकूण आयजीएही मोजले जाते. त्यानंतर दुर्बिणीने (एंडोस्कोपीने) आतड्याच्या आरंभीच्या भागातील लहान तुकडे काढून तपासतात. मुलांमध्ये प्रतिपिंडांची पातळी फारच वाढलेली असल्यास काही परिस्थितींत तुकडा न काढताही निदान मान्य केले जाते. जनुकीय चाचणीने आजार सिद्ध होत नाही. मात्र दोन्ही जनुके नसल्यास तो जवळजवळ निश्चितपणे नाकारता येतो.

येथे एक चूक वारंवार घडते. कुणाच्या तरी सांगण्यावरून रुग्ण आधीच गहू सोडतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी चाचणीला येतो. तोवर प्रतिपिंडे उतरू लागलेली आणि अस्तर सुधारू लागलेले असते, त्यामुळे निष्कर्ष संदिग्ध येतो. अशा वेळी काही आठवडे पुन्हा गहू खाऊन चाचणी करावी लागते आणि बरे वाटू लागलेल्या माणसाला ते जड जाते. म्हणून सर्व तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नये.

भारतातील आढळ

हा युरोपीय लोकांचा आजार आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. २०१०च्या दशकातील पाहण्यांनी ती खोडून काढली. उत्तर भारतात शंभरांत सुमारे एक, तर दक्षिण भारतात हजारांत सुमारे एक असे प्रमाण आढळले. संबंधित जनुकांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे फारसे वेगळे नव्हते. फरक मुख्यतः ताटातील गव्हाचा असावा, असे संशोधकांना वाटते. ज्वारी-बाजरी आणि तांदूळ खाणाऱ्या महाराष्ट्रात पोळी ही रोजची झाल्यामुळे हा प्रश्न येथेही महत्त्वाचा ठरतो.

उपचार आणि महाराष्ट्रातील स्वयंपाकघर

ग्लूटेनमुक्त आहार हाच उपचार आहे व तो आयुष्यभर पाळावा लागतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, मका, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व कडधान्ये व डाळी, दूध, भाज्या, फळे, मासे, मांस आणि अंडी मूलतः सुरक्षित असतात. आंबोळी, घावन, तांदळाची भाकरी, पिठलं, उकडीचे मोदक, पोहे यांना बाधा नाही. या दृष्टीने मराठी खाद्यपरंपरा रुग्णाला पुष्कळच सोयीची आहे. गोव्याच्या व मुंबईच्या पावाला मात्र तितका सहज पर्याय नाही.

पोळी, पुरणपोळी, रवा, मैदा, शेवया, लापशी आणि बिस्किटे वर्ज्य आहेत हे लगेच कळते. कठीण असतात ते लपलेले गहू. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो, मेतकुटातही घालतात. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात. सातूचे पीठ गव्हाचे असो वा जवाचे, दोन्ही चालत नाही. बाजारातील बांधानी हिंगात अनेकदा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे हिंगाची फोडणी दिलेली वरणाची वाटीही निर्धोक राहत नाही. खपली गहू पारंपरिक व पौष्टिक असला तरी तो गहूच आहे. सीलिॲकच्या रुग्णाला तो चालतो ही समजूत घातक आहे. ओट्स शुद्ध स्वरूपात बहुतेकांना सोसतात, परंतु त्यांत गव्हाची भेसळ नेहमीची असते.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे पिठाची गिरणी. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली की आधीच्या दळणाचे पीठ तिच्यात उतरते. दररोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेल्यास आतड्याची हानी होते, असे प्रयोगात दिसले आहे. एवढे ग्लूटेन अर्ध्या-पाऊण ग्रॅम कणकेतच असते. भाकरी खाऊनही प्रतिपिंडे उतरत नाहीत अशा रुग्णांत कारण अनेकदा येथे सापडते. घरघंटी केवळ निर्धोक धान्यांसाठी राखणे हा उपाय परवडणाऱ्यांनाच शक्य आहे. इतरांनी धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरी मिक्सरवर दळावे. परात, पोळपाट-लाटणे, तवा आणि तळणीचे तेलही वेगळे ठेवणे इष्ट. भारतात 'ग्लूटेनमुक्त' असा शिक्का असलेल्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन चालत नाही. पण असे पदार्थ महाग असतात व त्यांत तंतू आणि जीवनसत्त्वे कमी असू शकतात. साध्या भाकरीपेक्षा ते सरस नाहीत.

आहाराचे ओझे केवळ स्वयंपाकघरापुरते नसते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो आणि प्रसाद नाकारणे अनेकांना अवघड जाते. 'एका घासाने काय होते?' हा प्रश्न जवळपास प्रत्येक रुग्णाने ऐकलेला असतो. एका घासाने त्रास जाणवेलच असे नाही, तरीही दाह पुन्हा सुरू होऊ शकतो. मुले डब्यातील वेगळेपणामुळे संकोचतात, किशोरवयीन मुले चोरून खातात, आणि मुलीचा आजार लग्न ठरेपर्यंत लपवून तिला सासरी पोळी खाण्यास भाग पाडल्याच्या घटनाही घडतात. संपूर्ण घराने एक वेळ गव्हाविना जेवण स्वीकारल्यास पथ्य पाळणे सोपे जाते, असा आहारतज्ज्ञांचा सल्ला असतो.

आतडे भरून येणे

पथ्य सुरू केल्यावर जुलाब व पोटफुगी बहुधा काही आठवड्यांत ओसरते आणि भूक परतते. झिजलेल्या अंकुरांबरोबर दूध पचवणारे विकरही घटलेले असल्याने सुरुवातीस दूध सोसत नाही. अस्तर सुधारल्यावर ते पुन्हा घेता येते. लोह, फॉलिक आम्ल, ब१२ व ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची उणीव औषधांनी भरून काढतात. मुलांची उंची व वजन लक्षणीय वेगाने वाढू लागते. प्रतिपिंडे सामान्य पातळीवर येण्यास मात्र सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत काळ लागतो.

बरे वाटणे आणि आतडे बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांचे अस्तर लवकर भरते, प्रौढांचे सावकाश. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात प्रौढ रुग्णांपैकी दोन वर्षांत सुमारे एक तृतीयांश आणि पाच वर्षांत सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे अस्तर पूर्ववत झाल्याचे आढळले. लक्षणे थांबताच पथ्य सैल करणाऱ्यांचे नुकसान म्हणूनच नकळत सुरू राहते. पथ्य असूनही त्रास टिकल्यास प्रथम लपलेल्या ग्लूटेनचा शोध घेतात. त्यानंतर लहान आतड्यातील जंतूंची अतिवाढ, दुग्धशर्करा न पचणे, आतड्याचा क्षोभ अशी इतर कारणे तपासतात. काटेकोर पथ्यालाही दाद न देणारा प्रकार दुर्मीळ आहे व त्यातून क्वचित लहान आतड्याचा लसिकार्बुद (लिम्फोमा) उद्भवतो. पोटात ग्लूटेनचे तुकडे करणारी विकरे आणि ट्रान्सग्लुटामिनेजला रोखणारी औषधे यांवर संशोधन चालू आहे.