राजगादी जिकडे, बाजार तिकडे : ढाक्याची कहाणी

ढाका म्हटले की कापडवाल्याला मलमल आठवते. पण हे शहर चढले-उतरले ते केवळ मलमलीच्या मागणीवर नव्हे. 1610 च्या सुमारास सुभेदार इस्लाम खानाने तेथे मोगल बंगालची राजधानी केली आणि शहराची भरभराट झाली. अठराव्या शतकाच्या आरंभी मुर्शिद कुली खानाने कारभार मुर्शिदाबादला नेला, तशी उतरण लागली. पुढे कंपनी सरकार आणि विलायती सुताने विणकरांची उरलीसुरली कंबर मोडली. 1905 मध्ये बंगालच्या फाळणीने राजधानीचा मान परत मिळाला. 1911 मध्ये फाळणी रद्द झाली आणि तोही गेला. 1947 मध्ये पुन्हा प्रांताची आणि 1971 मध्ये स्वतंत्र देशाची राजधानी झाल्यावर मात्र ढाक्याने मागे वळून पाहिले नाही.

आता व्यापारी हिशेब पाहा. बांगलादेशची नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्री आयात-निर्यात चितगाव बंदरातून होते. कोरियन कंपनीच्या मदतीने निघालेला तयार कपड्यांचा सुरुवातीचा मोठा कारखानाही 1970 च्या दशकाच्या अखेरीस चितगावलाच उभा राहिला. बंदर दारात, म्हणजे भाडे कमी. तरीही पुढे हा धंदा गाजीपूर, सावर, नारायणगंज असा ढाक्याभोवतीच जास्त दाटला. मजूर आणि परदेशी गिऱ्हाईक तेथे मिळते हे खरेच. पण मंत्रालय, महसूल मंडळ, मध्यवर्ती बँक, सगळ्यांची मुख्य कचेरीही तेथेच. सहीसाठी दहा खेपा घालण्यापेक्षा सहीच्या शेजारी गाळा घेतलेला परवडतो, हे कोणत्याही धंदेवाल्याला कळेल.

आपल्याकडे हुकूमत दिल्लीत आणि पैसा मुंबईत. शिवाय राज्याराज्यांची सरकारे वेगळी. विदर्भातल्या व्यापाऱ्याला हायकोर्टाचे खंडपीठ नागपुरातच मिळते. बांगलादेशात राज्य सरकारे नाहीतच. 2022 च्या जनगणनेत ढाक्याच्या दोन महापालिकांत मिळून एक कोटीवर माणसे मोजली गेली, चितगाव पालिकेत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी.

नवलाची बाब अशी की कचेऱ्या ढाक्याबाहेर नेण्याचा मोठा प्रयत्न केला तो एका लष्करशहाने. जनरल इर्शाद यांनी 1982 नंतर हायकोर्टाची खंडपीठे चितगाव, सिल्हेट, रंगपूर वगैरे सहा शहरांत नेली आणि उपजिल्हा परिषदा काढल्या. त्यात त्यांचा स्वतःचा राजकीय मतलब होताच. 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने खंडपीठांची तरतूद घटनाबाह्य ठरविली. 1991 मध्ये लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने उपजिल्हा परिषदाही मोडल्या. त्यांच्या निवडणुका पुन्हा झाल्या त्या 2009 मध्ये. खंडपीठे गेल्यावर सिल्हेटच्या व्यापाऱ्याला हायकोर्टाच्या तारखेसाठी पुन्हा ढाक्याची गाडी धरावी लागली. गाडीभाडे, वकिलाची फी आणि बंद दुकानाचे नुकसान हे सारे मालाच्या किमतीतच चढते. मोठा कारखानदार ते सोसतो. चार शिलाई मशीनवाला कारागीर कुठून सोसणार?

फेब्रुवारी 2025 मध्ये तेथील सुधारणा आयोगांनी विभागीय शहरांत हायकोर्टाची कायम खंडपीठे आणि देशाचे चार प्रांत करण्याची शिफारस केली आहे.