बेसबॉलच्या मैदानातली इंग्रजी

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नुकतंच बिऱ्हाड थाटलेलं मराठी जोडपं शेजारणीला जेवायला बोलावतं. ती हसून म्हणते, ‘‘कॅन आय टेक अ रेन चेक?’’ बाहेर लख्ख ऊन. पाऊस कुठला आणि चेक कसला? तिला म्हणायचं असतं, ‘आज नाही जमणार, पण पुन्हा कधीतरी नक्की.’

मूळ बेसबॉलचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पावसानं सामना धुऊन निघाला की तिकिटाचा तुकडा दाखवून पुढचा सामना फुकट पाहता येई. तो तुकडा म्हणजे रेन चेक.

आपणही ‘गुगली टाकली’, ‘विकेट काढली’ म्हणतोच. आपली शाळेतली इंग्रजी ब्रिटिशांच्या हातची, तिला क्रिकेट जवळचं. अमेरिकनांच्या बोलण्यात मात्र पावलोपावली बेसबॉल. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा, ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात बोलून घेणं, ‘आउट ऑफ लेफ्ट फील्ड’ म्हणजे ध्यानीमनी नसताना. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. म्हणून आधी दोन गंभीर गुन्हे नावावर असलेल्याला तिसऱ्यासाठी २५ वर्षं ते जन्मठेप ठोठावणारा कॅलिफोर्नियाचा १९९४चा कायदाही ‘थ्री स्ट्राइक्स’ म्हणूनच ओळखला जातो.

कधी तर एकाच शब्दाचे अर्थ उलटे. प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांमध्ये यावरून बराच वेळ वाद रंगला. चर्चिलनं युद्धाच्या इतिहासात तो नोंदवला आहे.

क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थच बदलणाऱ्या फ्रेझल व्हर्बची धास्ती अनेकांना असते. ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणं, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणं, ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणं. ‘ठेवणं’ कुठेच नाही. पण आपल्याकडे तरी काय? ‘बोलून गेला’ त्यात कुणी कुठे जात नाही, ‘नको ते करून बसला’ त्यात कुणी बसत नाही. हे आपण अख्खंच शिकलो, सुटं करून नव्हे. इंग्रजी जोडीही तशीच वाक्यासकट उचलावी, ‘पुट आउट द फायर’ अशी.

एक वाक्य मात्र प्रत्येकानं अमेरिकेला जाण्याआधीच शिकून ठेवावं. साहेब हळू आवाजात म्हणतात, ‘‘वुई हॅव टु लेट यू गो.’’ नवख्याला वाटतं, आज लवकर घरी सोडताहेत. खरं तर नोकरी गेलेली असते. एच-१बी व्हिसावर असलेल्याला त्यानंतर नवी नोकरी शोधायला किंवा दुसरी सोय लावायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तिथे राहण्याच्या परवानगीची मुदत आधी संपत असेल तर त्याहून कमी. अशा वेळी अर्धवट कळलेल्या वाक्यावर मान डोलावू नका. तिथल्या तिथे अर्थ विचारा, आणि नोकरीचा शेवटचा दिवस कोणता, हे लेखी मागून घ्या.