चकाकीचा हप्ता

गेल्या दिवाळीला माझा भाचा नवी कोरी गाडी घेऊन इंदापूरहून आमच्या बारामतीच्या घरी आला. उसाचे दिवाळी बिल हातात पडले होते, त्यात कर्जाची भर घालून काळ्या रंगाची गाडी घेतलेली. बॉनेटवर झेंडूचा हार होता. मला हात धरून अंगणात नेत तो म्हणाला, "मामा, हात फिरवून बघा. काच आहे काच! वरून कोटिंग मारलंय. पाच वर्षं बघायला नको. ओरखडा उठत नाही, ऊन लागत नाही. नुसतं पाणी मारलं की झालं."

मी हात फिरवला. अंग खरेच गुळगुळीत होते. मग जुन्या सवयीने म्हणालो, "कागद बघू." बँकेत उमर घालवलेला माणूस वस्तूच्या आधी कागद बघतो, त्याला इलाज नाही.

गाडीची किंमत, विमा, नोंदणी आणि त्याखाली एक बारीक ओळ होती : पेंट प्रोटेक्शन, २५,००० रुपये. ही रक्कमही कर्जातच घातलेली. साडेनऊ टक्के दराने सात वर्षांत २५ हजार फेडायचे म्हणजे महिन्याला सुमारे ४०९ रुपये; शेवटी भरणा होतो ३४ हजार ३०० च्या आसपास. हमीपत्र उलटून पाहिले. तोंडी सांगितलेली पाच वर्षे कागदावर तीन झाली होती. तीही दर सहा महिन्यांनी पैसे भरून देखभाल करून घेतली तर. आणि दगडाचा टवका, पक्ष्यांची विष्ठा, पाण्याचे डाग यांना हमी लागू नव्हती. लेप तीन वर्षांचा, हप्ता सात वर्षांचा!

या लेपाची गंमत समजून घ्यायची तर आधी गाडीचा रंग समजून घ्यावा लागतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवरच्या बंदीमुळे मायक्रॉन हा शब्द आता घरोघर माहीत आहे. हा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे एखाद्या पातळ पिशवीएवढाच जाड असतो. उन्हातली अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये कारखान्यातच त्यात मिसळलेली असतात. उन्हाशी खरी झुंज हा थर देतो. वरून लावलेला लेप फार तर दोन-चार मायक्रॉनचा असतो.

मग 'ओरखडा उठत नाही' हे कुठून आले? जाहिरातीत '९ एच कठीणपणा' असे छापतात. वाचणाऱ्याला वाटते, हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी असावे. पण हा एच शाळेतल्या शिसपेन्सिलीचा आहे. ठरावीक वजनाखाली, ४५ अंशांत धरलेली ९ एच पेन्सिल पृष्ठभागावर ढकलायची. चरा उठला नाही तर लेप उत्तीर्ण. परीक्षा खरी आहे, पण ती पेन्सिलीची आहे. घाईने फिरवलेल्या फडक्यातली वाळू पेन्सिलीपेक्षा फार कठीण असते.

आणि आमच्या भागातली परीक्षा तर वेगळीच. एप्रिल-मे महिन्यांत इंदापुरात पारा चाळिशी ओलांडतो. गळीत हंगामात कारखान्यांच्या आसपास काजळी उडते. वाळत घातलेल्या धोतरावर बसते, तशी गाडीवरही बसते. उसाच्या ट्रॉलीमागे चालणाऱ्या गाडीवर खडी उडते. त्यात बोअरचे पाणी. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, ऊस आला, आणि जादा पाण्याने काही जमिनी खारावल्याही. क्षारांचे हे पाणी लेपावर मोत्यासारखे थेंब धरते, दिसायला देखणे. उन्हात थेंब सुकला की पाणी उडून जाते, क्षार जागेवर राहतात आणि पांढरे गोल कडे उमटते. ज्या गुणाची जाहिरात, त्यातूनच डाग!

ही हाक नवी नाही. पूर्वी शोरूममध्ये 'टेफ्लॉन कोटिंग' विकले जाई. टेफ्लॉनचा शोध १९३८ चा. तव्यावर तो बसवायला भट्टीत तापवावा लागतो, कारण ते ३२७ अंश सेल्सियसला वितळते. गाडी काही भट्टीत घालता येत नाही. अमेरिकेत १९३६ पासून निघणारे 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे ग्राहकांचे नियतकालिकही शोरूममधले असले लेप घेऊ नका, असेच सांगत आले आहे.

म्हणजे सारे थोतांड आहे का? तसेही नाही. चांगला लेप नीट लावला तर धूळ कमी चिकटते, धुणे सोपे जाते, काळा रंग खुलून दिसतो. मेण काही आठवडे टिकते, सीलंट काही महिने, चांगले सिरॅमिक एक-दोन वर्षे किंवा थोडे अधिक. खडीपासून बचाव हवा असेल, तर दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म वेगळी मिळते; तिचा खर्च कितीतरी जास्त. बाकी सावलीत गाडी लावणे, सकाळच्या गारव्यात धुणे आणि लगेच मऊ कापडाने कोरडी करणे, हे फुकटचे उपाय आहेत. फुकटच्या उपायांची जाहिरात कोण करणार?

पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा ग्राहकाच्या हाती कायदा नव्हता. तो १९८६ ला आला, २०१९ ला नवा झाला. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तर जाहिरातीच्या खालची सूट वरच्या दाव्याला खोडणारी असता कामा नये. आणि दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत ती हवी. १९१५ या क्रमांकावर तक्रारही करता येते. पण त्यासाठी दावा लेखी घ्यावा लागतो. तोंडी पाच वर्षांना पुरावा नसतो. लेपाची पावती वेगळी मागावी, आणि त्याचे पैसे रोख देववत नसतील, तर तो लेप आपल्याला नको आहे असे समजावे.

हंगाम संपल्यावर भाचा पुन्हा आला. बॉनेटवर पांढरी कडी होती, पुढे खडीचा एक टवका. मी काही बोललो नाही. मला इंदापूरच्या शाखेतला एक शेतकरी आठवला. ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता भरायला तो त्याच ट्रॅक्टरवर आला होता. डिझेलच्या फडक्याने तो रोज पुसायचा, तरी लाल रंग उन्हाने पार विटकरी झालेला. पावती खिशात घालत तो हसून म्हणाला होता, "सायेब, रंग गेला, पन कर्ज बी फिटलं."

भाच्याचे अजून सहा वर्षांहून जास्त हप्ते बाकी आहेत.