खानदेशातील उन्हाळा आणि स्नेहपाक

जळगाव-धुळे परिसरात वैशाखात दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते, तर पौषात पहाटे ते १० अंशांच्या आसपास उतरते. स्नेहपाक करताना हा फरक ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

कढईत जलांश शिल्लक असेतो अग्नीची उष्णता बाष्पीभवनात खर्ची पडते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. त्यामुळे तापमान १०० अंशांजवळ टिकते. जलांश संपताच तीच उष्णता स्नेहाला मिळून तापमान झपाट्याने वाढते व तळाशी बसलेला कल्क प्रथम जळतो.

कढईतून बाहेर जाणारी उष्णता भोवतालच्या हवेशी असलेल्या तापमानभेदावर अवलंबून असते. १२० अंशांच्या तेलाचा हा भेद पौषातील पहाटे ११०, तर वैशाखातील दुपारी ७५ अंश. म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने कमी. साहजिकच उतरवलेली कढई उशिरा निवते आणि पाक पुढे चालूच राहतो. दग्धपाक दाहकारक व निष्प्रयोजन होय, असे शार्ङ्गधरांनी सांगितलेच आहे.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींनी व औषधनिर्मात्यांनी उन्हाळ्यात अखेरचा टप्पा मंदाग्नीवर, शक्यतो पहाटे घ्यावा. कल्काची वात वळू लागताच, तेलावर फेस येताच किंवा तुपावरचा फेस विरताच स्नेह उतरवून तत्काळ गाळावा. हिवाळ्यात ठरविलेली वेळ उन्हाळ्यात प्रमाण मानू नये.