थंडी उताराने वाहते
(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

गेल्या पौषात आमच्या बागेतली नाल्याकाठची केळी पिवळी पडली. वरच्या बांधाकडची हिरवीच राहिली. लागवड एक, खत एक, पाणी एक. मग हा भेद का? बागेवर कर्ज होते, म्हणून प्रश्न घराचा होता. आबा म्हणाले, "थंडी खोलगटात बसते रे." आबांची शाळा चौथीत सुटली. पण त्यांचे वाक्य मला भूगोलाच्या तासाला पुन्हा आठवले.

निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता सोडते. तिला टेकलेली हवा गार आणि म्हणून जड होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावलकडे, ती पाण्यासारखी उताराने सरकते व सखल जागी साचते. पारा १० अंशांखाली गेला की केळीची वाढ खुंटते, निसवणारा घड अडकतो.

मित्रहो, हीच क्रिया अंटार्क्टिकावर प्रचंड प्रमाणात घडते. तेथील बर्फाचे पठार काही ठिकाणी ४००० मीटरांहून उंच आहे. त्यावरून गार हवा किनाऱ्याकडे धावते. १९१२-१३ साली मॉसन यांच्या तुकडीने केप डेनिसन येथे ताशी सुमारे ८० किलोमीटर वारा अनुभवला, आणि तोही वर्षाच्या सरासरीने! १९८९ साली उभारलेल्या आपल्या 'मैत्री' केंद्रावर हा वारा आग्नेयेकडून येतो. कारण दक्षिणेकडून उतरणाऱ्या हवेला पृथ्वीचे परिवलन डावीकडे वळवते.

या वाऱ्याचे गणित मांडता येते. उतार किती, खालची हवा वरच्या हवेपेक्षा किती गार, तिचा थर किती जाड, घर्षण किती, परिवलनाचा परिणाम किती, हे घेऊन प्रदेशाच्या एकेका चौकोनाचा हिशेब संगणक करतो. यालाच प्रतिमान म्हणतात. १९८७ साली पॅरिश व ब्रॉमविच यांनी अशाच गणिताने दाखवले की, बर्फाच्या उतारांमुळे दूरदूरची गार हवा ठरावीक वाटांनी एकत्र येते. जसे ओहोळ मिळून नाला होतो. वारा काही जागीच इतका का माजतो, ते यावरून उमगते.

आमच्या नाल्याकाठी शेवरीचे दाट कुंपण आहे. गार हवेला तोच बांध होत असावा. "त्यात वाट मोकळी करू," मी म्हणालो. "मग उन्हाळ्याच्या झळा कोण अडवील?" आबांनी विचारले. त्यांचेही खरेच होते. शेवटी हिवाळ्यापुरती चार हात वाट ठेवायची ठरले. वर एक आणि खाली एक तापमापक लावणार आहे. प्रतिमान मोठ्यांचे असो वा माझे, खरेखोटे मोजणीनेच ठरते.